अफवा खऱ्या ठरतात तेव्हा

चोपडा तालुक्यातील वर्डी हे सातपुड्याच्या पायथ्याचे गाव. १६ जुलै २०२१ रोजी या परिसरातील डोंगराळ शिवारात शिरपूरच्या वैमानिक प्रशिक्षण संस्थेचे एक लहान विमान कोसळले. प्रशिक्षक मृत्युमुखी पडले, शिकाऊ वैमानिक तरुणी गंभीर जखमी झाली. गाडी जाईल असा रस्ता तेथे नव्हता. आसपासच्या वस्त्यांवरील आदिवासी बांधव आणि शेतकरी धावून गेले, एका भगिनीने दिलेल्या लुगड्याची झोळी केली आणि ती बांबूला बांधून त्यांनी त्या मुलीला खाली आणले. विमान म्हणजे डोक्यावरून जाणारी पांढरी रेघ, एवढीच ज्यांची त्या यंत्राशी ओळख, त्यांनी एका वैमानिकाचा जीव आपल्या खांद्यावर तोलून धरला. बातमी चार दिवस चालली आणि विरली. पण खान्देशाचे आणि विमान व्यवसायाचे नाते आता केवळ वृत्तपत्रातून वाचण्यापुरते उरलेले नाही, याची जाणीव त्या घटनेने आम्हा चोपडेकरांना करून दिली.

शिरपूरला वैमानिक घडतात. जळगावचे विमानतळ प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती असताना खुले झाले आणि २०२१ साली विमानतळ प्राधिकरणाने वैमानिक प्रशिक्षण संस्थांसाठी देशातील जी पाच विमानतळे निवडली, त्यांत जळगावचा समावेश होता. एकेकाळी मुलगा डॉक्टर किंवा इंजिनिअर व्हावा, इतकेच स्वप्न पाहणाऱ्या तालुक्याच्या गावात आता वैमानिक होण्याची भाषा ऐकू येते. त्यात वावगे काहीच नाही. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित घेतलेला, प्रकृतीने धडधाकट आणि इंग्रजीला न घाबरणारा मुलगा किंवा मुलगी या वाटेने जाऊ शकते. प्रश्न पैशांचा आहे. व्यावसायिक परवान्यासाठी किमान दोनशे तासांचे उड्डाण लागते, त्यानंतर विशिष्ट जातीच्या विमानाचे स्वतंत्र शिक्षण घ्यावे लागते, आणि हा सारा हिशेब अर्ध्या कोटीच्या आसपास किंवा त्याच्याही वर जातो. एवढी रक्कम मध्यमवर्गीय घरात पडून नसते. ती शेतातून, घरातून किंवा बँकेतून उभी करावी लागते.

आमच्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक आहेत. तापीकाठी थोडी केळीची बाग, भविष्य निर्वाह निधीचे काही लाख आणि वैमानिक होण्याचा हट्ट धरून बसलेला धाकटा मुलगा, असा त्यांचा संसार. अलीकडेच ते भेटले तेव्हा त्यांनी विचारले, "भाऊ, एअर इंडिया आणि इंडिगो शेकडो विमानं घेताहेत, असं तुमचेच पेपर छापतात. घेऊ द्या. पण मंदी आली, तर मुलाचं काय होणार, हे कंपनी आधी सांगते का हो?"

विमाने घेतली जात आहेत, हे खरेच आहे. एअर इंडियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० विमानांची खरेदी जाहीर केली, त्याच वर्षी जूनमध्ये इंडिगोने एकदम ५०० विमानांची मागणी नोंदवली. शिक्षकांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र 'नाही' असे आहे. कंपनी सांगत नाही. सांगते ती कुजबूज. आणि या देशातील विमान व्यवसायाचा गेल्या दोन दशकांतील अनुभव असा आहे की, कुजबूज खरी निघते आणि अधिकृत खुलासा खोटा.

ही कुजबूज कशी चालते, हे समजून घेण्याजोगे आहे. बाहेरच्या माणसाला ती निव्वळ रिकामटेकड्यांची बडबड वाटते. वास्तविक वैमानिक आपल्या कंपनीच्या आर्थिक प्रकृतीचे निदान अनेकदा लेखापालाच्या आधी करतो, कारण लक्षणे त्याच्या डोळ्यांसमोर असतात. पुढच्या महिन्याच्या ड्यूटीच्या तक्त्यात आपले उड्डाणाचे तास कमी झालेले त्याला दिसतात. एखादे विमान दुरुस्तीसाठी उभे केले जाते आणि महिना उलटला तरी परत येत नाही. कारण त्याचे सुटे भाग काढून दुसऱ्या विमानांना लावलेले असतात. इंधन भरणारा माणूस पैशांची खात्री झाल्यावाचून नळी जोडत नाही. परदेशातील हॉटेलात कंपनीचे नाव सांगितल्यावर खोलीची किल्ली द्यायला वेळ लागू लागतो. यातील एकेक गोष्ट क्षुल्लक असते. चार वैमानिक विश्रांतिकक्षात चहा घेता घेता त्या एकमेकींना जोडतात आणि अंदाज बांधतात: अमुक जातीची विमाने परत जाणार, तमुक तळ बंद होणार, इतके सहवैमानिक जादा ठरणार.

ताफ्यातील बदलाला एवढे महत्त्व का, हेही सांगितले पाहिजे. ट्रक चालवणारा माणूस उद्या दुसऱ्या बनावटीचा ट्रक चालवू शकतो. वैमानिकाला ती मुभा नाही. तो साधारणपणे एका वेळी एकाच जातीचे विमान चालवतो आणि त्या जातीसाठी त्याच्या परवान्यावर स्वतंत्र नोंद असावी लागते. जात बदलायची, तर पुन्हा वर्गात बसणे आले, यांत्रिक प्रतिकृतीवरील सराव आला, परीक्षकासमोरची उड्डाणे आली. महिनोन्‌महिने जातात आणि लाखो रुपये लागतात. म्हणून कंपनीने लांब पल्ल्याची मोठी विमाने दुसऱ्याला भाड्याने दिली किंवा मालकाला परत केली, की ती चालवणारे सर्वांत अनुभवी कॅप्टन एका रात्रीत जादा ठरतात. ते खालच्या विमानावर आले, की तिथला कॅप्टन मागे सरकतो, आणि रांगेच्या शेवटी जो सहवैमानिक उभा असतो, ज्याच्या कर्जाचा दुसरा हप्ताही अजून फिटलेला नसतो, तो बाहेर फेकला जातो. संचालक मंडळाच्या टिपणात 'ताफ्याचे सुसूत्रीकरण' असे दोन शब्द असतात. त्या दोन शब्दांत कोणत्या घराचा हप्ता बुडणार, हे वैमानिक ओळखून असतात.

खान्देशातील जुन्या पिढीला यात अपरिचित असे काहीच वाटणार नाही. जळगावची खान्देश मिल, अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल या गिरण्यांच्या भोंग्यावर ज्या घरांनी घड्याळे लावली, त्यांना बंदचा वास येण्यासाठी फलकावरील नोटिशीची गरज नव्हती. कापसाच्या गाठी कमी येऊ लागल्या, तिसरी पाळी थांबली, बदली कामगार फाटकावरून परत जाऊ लागले, की घरातली बाई वाणसामान निम्मे आणायला सुरुवात करी. व्यवस्थापन मात्र 'सर्व काही सुरळीत आहे' असेच म्हणत राही. गिरणीचे साचे आणि विमानांचे ताफे यांत अंतर आहे, पण फाटकावरची ती कुजबूज आणि विमानतळावरची ही कुजबूज एकाच जातीची आहे. पांढरा सदरा आणि खांद्यावरच्या सोनेरी पट्ट्या यांमुळे ती वेगळी होत नाही.

आता जेट एअरवेजचे उदाहरण पाहू. मुंबईत मुख्यालय असलेल्या या कंपनीने मे १९९३ मध्ये उड्डाणे सुरू केली आणि मराठी मध्यमवर्गातील हजारो मुला-मुलींना नोकऱ्या दिल्या, हे श्रेय तिला दिलेच पाहिजे. जुलै २००८ मध्ये खनिज तेल पिंपामागे १४७ डॉलरपर्यंत चढले, सप्टेंबरमध्ये अमेरिकेत लेहमन ब्रदर्स बुडाली आणि ऑक्टोबरमध्ये मंदीची झळ आपल्या विमानतळांवर पोहोचली. १३ ऑक्टोबरला जेट आणि किंगफिशर या कट्टर प्रतिस्पर्ध्यांनी हातमिळवणी जाहीर केली. त्यापाठोपाठ अवघ्या दोन-तीन दिवसांत जेटने सुमारे १९०० कर्मचाऱ्यांना घरचा रस्ता दाखवला. त्यांत बहुतांश विमानातील सेवक-सेविका होत्या, परिवीक्षा काळातील होत्या, विशी-बाविशीच्या होत्या. गणवेशातील मुली रस्त्यावर उभ्या राहून रडत असल्याचे दृश्य देशाने दूरचित्रवाणीवर पाहिले. हे कर्मचारी राज ठाकरे यांच्याकडे गेले, त्यांनी मुंबईतून जेटचे विमान उडू न देण्याचा इशारा दिला, दिल्लीतूनही चक्रे फिरली, आणि १६ ऑक्टोबरच्या रात्री अध्यक्ष नरेश गोयल यांनी सर्वांना परत कामावर घेतल्याचे घोषित केले. आपण कुटुंबप्रमुख आहोत आणि मुलांचे अश्रू आपल्याला पाहवले नाहीत, अशा आशयाचे ते बोलले.

त्या रात्री अनेकांना ते बोलणे हृदयस्पर्शी वाटले असेल. आम्हाला ते आजही खटकते. कुटुंबप्रमुखाला घरातील अडचण माहीत असते आणि तो ती घरातल्यांपासून लपवत नाही. चूल पेटणे अवघड झाले, तर तो मोठ्या मुलांना जवळ बसवून सांगतो, कोणता खर्च थांबवायचा ते मिळून ठरवतो, आणि पहिला घास स्वतःच्या ताटातला कमी करतो. सकाळी मुलांना घराबाहेर काढायचे आणि गवगवा झाल्यावर रात्री पोटाशी धरायचे, याला कुटुंब म्हणत नाहीत. उद्योग हे कुटुंब असावे हा विचार आपल्याकडे नवा नाही. दत्तोपंत ठेंगडी यांनी भारतीय मजदूर संघाच्या माध्यमातून उद्योगांच्या श्रमिकीकरणाचा आग्रह धरला, म्हणजे उद्योगाच्या मालकीत आणि कारभारात श्रमिकाचा वाटा मागितला, तेव्हा त्यामागे हीच धारणा होती. ज्याला कुटुंबीय म्हणायचे, त्याला घरची वही दाखवावी लागते. वही बंद ठेवून नुसती भाषा कुटुंबाची वापरणे ही लबाडी झाली.

२००८ मध्ये नोकऱ्या वाचल्या, पण वही बंदच राहिली. दहा वर्षांनी त्याची किंमत सर्वांनी मोजली. ऑगस्ट २०१८ च्या सुरुवातीला अशी बातमी फुटली की, कंपनीकडे साठ दिवस पुरेल इतकाच पैसा आहे आणि वैमानिकांना वेतनकपात स्वीकारायला सांगितले जात आहे. कंपनीने ही बातमी चुकीची आणि दुष्ट हेतूने पसरवलेली असल्याचे ठणकावून सांगितले. त्यानंतर थोड्याच दिवसांत तिमाहीचे हिशेब जाहीर करणे कंपनीने पुढे ढकलले. सप्टेंबरपासून वैमानिकांचे पगार हप्त्याहप्त्याने होऊ लागले, जानेवारी २०१९ पासून ते पूर्ण थांबले. भाड्याने विमाने देणारे मालक एकेक विमान जमिनीवर बसवू लागले. २५ मार्चला गोयल संचालक मंडळातून बाहेर पडले. बँका दीड हजार कोटी देणार, अशी आशा दाखवली गेली. ते आले नाहीत. शंभराहून अधिक विमानांचा ताफा एप्रिलच्या मध्यावर बोटांवर मोजण्याइतका उरला आणि १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईकडे निघालेले विमान हे कंपनीचे शेवटचे उड्डाण ठरले. साठ दिवसांची कुजबूज आकड्यापुरती चुकली. निदान म्हणून ती अचूक होती.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. वेतन न घेता तीन-साडेतीन महिने विमाने चालवणारे हे वैमानिक काय भोळे होते? मुळीच नव्हते. त्यांच्या संघटनेने १ एप्रिलपासून उड्डाणे थांबवण्याचा इशारा दिला आणि कंपनीला आणखी एक संधी म्हणून तो पुढेही ढकलला. त्यांना खरे काय ते कोणी सांगितलेच नव्हते. ज्यांनी कुजबुजीवर विश्वास ठेवला, ते २०१८ च्या पावसाळ्यात दुसरीकडे गेले आणि तरले. ज्यांनी कंपनीच्या शब्दावर विश्वास ठेवला, ते मागे राहिले. निष्ठेला शिक्षा आणि संशयाला बक्षीस, असा न्याय ज्या उद्योगात रूढ होतो, तेथे पुढच्या पिढीला निष्ठा कोण शिकवणार?

आणि बंद पडल्यानंतर कोणाचे काय झाले, तेही विमानाच्या जातीनेच ठरवले. जेटची बरीचशी बोईंग ७३७ विमाने स्पाइसजेटने घेतली, तेव्हा त्या विमानांबरोबर काही वैमानिकांनाही जागा मिळाल्या, अनेकदा कमी वेतनावर. पण मोठी बोईंग ७७७ आणि एअरबस ३३० चालवणारे कॅप्टन कोठे जाणार? देशात त्यांना फारसे पर्याय नव्हते. अनेकांनी परदेशाची वाट धरली. सर्वांत वाईट अवस्था झाली ती कोऱ्या परवान्याच्या सहवैमानिकांची. त्यांच्यासाठी कर्ज काढणारे वडील नागपूर, नाशिक, सांगली आणि जळगाव अशा गावांतच राहत होते.

जेट गेली त्याच वर्षी आमच्या जळगावातून ट्रूजेट कंपनीची छोटी विमाने मुंबईला उडू लागली होती. त्याआधी एअर डेक्कनचा प्रयोग होऊन थांबला होता. २०२२ च्या आरंभी ट्रूजेटही जमिनीवर आली. २०२४ मध्ये फ्लाय ९१ आणि अलायन्स एअर यांच्या सेवा सुरू झाल्या. विमानतळाच्या भिंती त्याच, फक्त काउंटरवरची नावे बदलत राहिली. प्रवासी म्हणून आपण नवे नाव पाहून आनंदतो. जुन्या नावाच्या गणवेशातील मुलगा कोठे गेला, हे आपण विचारत नाही.

कायदा काय म्हणतो? वैमानिकाने नोकरी सोडायची, तर कॅप्टनने एक वर्ष आणि सहवैमानिकाने सहा महिने आधी कळवले पाहिजे, असा दंडक नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१७ साली घातला. कारण असे दिले गेले की, वैमानिक अचानक गेला तर उड्डाणे रद्द होतात आणि प्रवाशांचे हाल होतात. कारण पटण्याजोगे आहे. मात्र कंपनीने एखाद्या जातीची विमाने परत करायची ठरवली, तर तिने त्या विमानांच्या वैमानिकांना वर्षभर आधी कळवावे, असा तोलाचा दंडक नाही. एकाने वर्षभर आधी बोलायचे आणि दुसऱ्याने अखेरच्या रात्रीपर्यंत मौन पाळायचे, हा करार बरोबरीचा म्हणता येत नाही.

विमानांच्या मालकांची मात्र चांगली सोय झालेली आहे. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट ही कंपनी बंद पडली, तेव्हा दिवाळखोरीच्या कायद्यातील स्थगितीमुळे परदेशी मालकांची विमाने येथे अडकून पडली. त्यांनी न्यायालयात दाद मागितली, जगभर भारताच्या नावाने ओरड झाली आणि २०२५ साली संसदेने त्यांच्या हक्कांचे रक्षण करणारा स्वतंत्र कायदा संमत केला. तो आवश्यक होता, याबद्दल आमचे दुमत नाही. मालकाला विमान परत मिळण्याची खात्री नसेल, तर तो भाडे वाढवणार आणि ते शेवटी प्रवाशाच्याच तिकिटावर चढणार. पण यंत्राच्या मालकासाठी संसद जागी होते आणि यंत्र चालवणाऱ्याच्या थकलेल्या पगारासाठी वर्षानुवर्षे न्यायाधिकरणांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, हे चित्र शोभादायक नाही. जेटचेच पाहा. २०१९ पासून तिच्या पुनरुज्जीवनाच्या वार्ता येत राहिल्या, २०२१ मध्ये एक योजनाही मंजूर झाली. अखेरीस ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला. साडेपाच वर्षे गेली. तेवढ्या काळात नवा सहवैमानिक कॅप्टन होऊ शकला असता.

हा केवळ नोकरीचा प्रश्न आहे, असे मानणारे वाचक असतील. त्यांनी ७ ऑगस्ट २०२० ची संध्याकाळ आठवावी. करोनाच्या काळात परदेशी अडकलेल्या भारतीयांना आणणारे एअर इंडिया एक्स्प्रेसचे दुबईहून आलेले विमान कोझिकोडला भर पावसात धावपट्टीपलीकडे घसरून दरीत कोसळले. दोन्ही वैमानिकांसह २१ जणांचा मृत्यू झाला. कॅप्टन दीपक साठे हे आपल्याच मातीतले, वायुदलातून आलेले, मोठ्या अनुभवाचे वैमानिक होते. चौकशी अहवालाने अपघाताचे संभाव्य कारण म्हणून ठरलेल्या कार्यपद्धतीचे पालन न झाल्याकडे, म्हणजे चालक वैमानिकाकडे बोट दाखवले. त्याबद्दल आदर राखूनही ते नोंदवले पाहिजे, कारण अहवाल सोयीप्रमाणे वाचायचे नसतात. पण तोच अहवाल आणखी एक गोष्ट सांगतो. कोझिकोडच्या तळावर कंपनीने २६ सहवैमानिक नेमले होते आणि कॅप्टन मात्र एकच. दुसऱ्या दिवशी सकाळचे उड्डाण त्याच कॅप्टनच्या नावावर होते. विमान दुसरीकडे वळवले, तर ते उड्डाण कोण करणार, हा विचार त्या निर्णयावर सावट धरून होता, असे अहवाल सुचवतो. मनुष्यबळाचा ताळेबंद मुंबई-दिल्लीच्या कार्यालयात मांडला जातो. तो बरोबर मांडला की चूक, याचे उत्तर कधीकधी पावसात भिजलेल्या धावपट्टीवर मिळते.

त्याच सुमारास, जुलै २०२० मध्ये, इंडिगोने दहा टक्के कर्मचारी कपात जाहीर केली होती आणि एअर इंडियात पाच वर्षांपर्यंतच्या विनावेतन रजेची योजना आली होती. उद्या आपल्याला घरी बसवतील का, हा प्रश्न मनात घेऊन माणूस विमान उडवत असेल, तर त्या प्रश्नाचे वजन प्रवाशांच्या सामानाबरोबर विमानात चढलेले असते. ते कोणत्याही काट्यावर मोजता येत नाही.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. इंधन हा त्यांचा सर्वांत मोठा खर्च, आणि त्याचा भाव त्यांच्या हातात नाही. विमानाचे भाडे डॉलरमध्ये द्यायचे आणि तिकिटाचे पैसे रुपयांत घ्यायचे, त्यामुळे रुपया घसरला की नफा वितळतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आपण अडचणीत आहोत असे कंपनीने उघडपणे सांगितले, तर दुसऱ्या दिवशी प्रवासी आगाऊ तिकिटे काढणे थांबवतात, तेल कंपन्या रोख मागतात, विमानमालक दारात उभे राहतात. बोलल्याने मरण आणि न बोलल्यानेही मरण, असा हा पेच आहे. तो आम्ही नाकारत नाही. पण २०१८-१९ मध्ये न बोलल्याने कोण वाचले? तेल कंपन्यांना, विमानमालकांना आणि बँकांना आतली खबर होतीच. अंधारात राहिले ते केवळ कर्मचारी आणि आगाऊ तिकिटे काढलेले प्रवासी. गुप्तता पाळली गेली ती नेमकी ज्यांच्याकडे पर्याय नव्हता त्यांच्यापासून.

वैमानिकांनाही दोन शब्द ऐकवले पाहिजेत. सप्टेंबर २००९ मध्ये संघटना स्थापन केल्यावरून दोन सहकाऱ्यांना काढल्याच्या निषेधार्थ जेटचे शेकडो वैमानिक एकाच वेळी आजारी पडले आणि पाच दिवस हजारो प्रवासी ताटकळले. मागणी न्याय्य असेल, तरी आजारपणाचे सोंग शोभले नाही. २००८ मध्ये केबिनमधील मुलींच्या नोकऱ्या जात होत्या, तेव्हा वैमानिकांचा आवाज किती उठला होता, हेही त्यांनी स्वतःला विचारावे. सामान चढवणारा हमाल, तिकीट खिडकीवरील कारकून, विमान झाडणारी बाई यांची कुजबूज वृत्तपत्रापर्यंत पोहोचत नाही. खांद्यावर चार पट्ट्या असलेल्याची पोहोचते. ज्याचा आवाज पोहोचतो, त्याने इतरांसाठीही बोलले, तरच संघटना हा शब्द सार्थ होतो.

आज मंदी नाही, मग हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. उलट हीच वेळ आहे. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात देशाने विपरीत दृश्य पाहिले. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले, साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली, रात्रीच्या उतरणींवर मर्यादा आली. हे नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाले होते. तरीही देशातील सर्वांत मोठ्या कंपनीकडे, इंडिगोकडे, पुरेसे वैमानिक निघाले नाहीत आणि ५ डिसेंबरला एका दिवसात तिची हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. विमानतळांवर लग्नाची वऱ्हाडे अडकली, मुलाखतीला निघालेले उमेदवार अडकले. शेवटी सरकारला तात्पुरती सवलत द्यावी लागली. पाच-सहा वर्षांपूर्वी जो वैमानिक जादा होता, तोच आता कमी पडला. मंदीत माणसे फेकायची आणि तेजीत त्यांच्या विश्रांतीचे तास कापायचे, या दोन्ही गोष्टी एकाच वहीत लिहिलेल्या आहेत. आणि ती वही अद्याप बंदच आहे.

ती उघडण्याचे मार्ग फार अवघड नाहीत. विमान भाड्याने देणारा मालक अनामत रक्कम घेतल्यावाचून विमान देत नाही. मग तीन महिन्यांच्या वेतनाइतकी रक्कम कंपनीने वेगळ्या खात्यात ठेवावी, असे उड्डाणाच्या परवान्यातच का लिहू नये? दरमहा वेतन वेळेवर झाले की नाही आणि भविष्य निर्वाह निधी भरला की नाही, एवढी दोन वाक्ये प्रत्येक कंपनीने महासंचालनालयाला कळवावीत आणि महासंचालनालयाने ती जाहीर करावीत. वैमानिकाला जितक्या मुदतीची सूचना सक्तीची, तितक्याच मुदतीची सूचना एखाद्या जातीची विमाने ताफ्यातून काढताना कंपनीवर सक्तीची असावी आणि तोवर त्या वैमानिकांच्या नव्या शिक्षणाचा खर्च कंपनीने उचलावा. हे केल्याने मंदी टळणार नाही. ती कोणी टाळूही शकत नाही. मात्र मग जी गोष्ट विश्रांतिकक्षात कुजबुजली जाते, ती समोर टेबलावर येईल.

आमचे शिक्षकमित्र हे सारे शांतपणे ऐकत होते. आम्ही त्यांना परावृत्त केले नाही. तो आमचा अधिकार नाही आणि देशाला वैमानिक हवेच आहेत. एवढेच सांगितले की, मुलाला पाठवण्याआधी प्रशिक्षण संस्थेला तिची किती विमाने प्रत्यक्ष उडतात आणि दोनशे तास पुरे व्हायला मागच्या तुकडीला किती महिने लागले, हे लेखी विचारा; बँकेला हप्ता कधीपासून सुरू होतो ते विचारा, नोकरी लागल्यापासून की शिक्षण संपल्यापासून; आणि सगळी केळीची बाग एकाच कागदावर लिहून देऊ नका. त्यांनी खिशातली डायरी काढून तीनही प्रश्न टिपून घेतले. बागेचे अजून ठरलेले नाही. मुलगा मात्र वैद्यकीय तपासणीसाठी मुंबईला गेला आहे.